‘खळबळ उडाली’ लिहिण्यापूर्वी : बातमीतील एका शब्दाचा वापर कसा करावा

मराठी वृत्तपत्राच्या जिल्हा आवृत्तीचे पान उघडले की एक वाक्य हमखास भेटते : ‘या घटनेमुळे परिसरात एकच खळबळ उडाली आहे.’ विहिरीत मृतदेह सापडला, सराफाचे दुकान फुटले, उसाच्या फडात बिबट्याचे बछडे दिसले, पंचायत समितीच्या सभापतींनी राजीनामा दिला, की बातमीची अखेर याच वाक्याने होते. डेस्कवरच्या, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पानात लावण्याच्या कामातल्या, इतक्या वर्षांत हे वाक्य मी शेकडो कॉप्यांमधून (वार्ताहरांनी पाठवलेल्या मजकुरांतून) कापले आहे आणि पान छपाईला सोडण्याची घाई असताना दोन ओळी कमी पडल्या म्हणून स्वतःच्या हाताने घातलेही आहे. म्हणूनच या एका शब्दाबद्दल सविस्तर लिहावेसे वाटते. नव्याने बातमीदारी करणारे, तालुक्याहून बातम्या पाठवणारे वार्ताहर, उपसंपादक आणि न्यूज पोर्टलसाठी दिवसाला दहा-दहा मथळे करणारे सहकारी यांना रोजच्या कामात उपयोगी पडेल अशा रीतीने मी ते मांडतो आहे.

माझे सांगणे मुळात एवढेच आहे की ‘खळबळ’ हा बातमीचा दागिना नाही, ती बातमीतील एक माहिती आहे. ‘चोरट्यांनी तीन तोळे सोने नेले’ या वाक्यातील तीन तोळे जसे कोणाकडून तरी विचारून, पडताळून घ्यावे लागतात, तशीच खळबळही पडताळून घ्यावी लागते. ती लिहिणाऱ्याच्या मनातली नसते, इतरांच्या मनातली आणि हालचालीतली असते, आणि इतरांविषयीचे कोणतेही विधान पुराव्याशिवाय छापायचे नाही हा आपल्या धंद्याचा पहिला नियम आहे.

शब्द मुळात काय सांगतो

घरात हा शब्द पाण्याचा आहे. कपडे दोन पाण्यांतून खळबळून काढतात, तांदूळ खळबळून धुतात. स्थिर पाण्यात हात घालून ते ढवळले की तळाशी बसलेले वर येते, पाणी क्षणभर गढूळ होते आणि हात काढल्यावर काही वेळाने पुन्हा निवळते. बातमीतल्या खळबळीलाही नेमक्या याच तीन गोष्टी लागतात : आधी काहीतरी स्थिर असले पाहिजे, त्यात बाहेरून अचानक काहीतरी पडले पाहिजे आणि त्यामुळे अनेक जण एकाच वेळी हलले पाहिजेत. ज्या गावात दर आठवड्याला मोटारसायकल चोरीला जाते तेथे आणखी एक मोटारसायकल गेली तर संताप होईल, वैताग होईल, पण खळबळ उडणार नाही, कारण तेथे स्थिर काही उरलेलेच नाही. ज्या निवडणुकीचा निकाल सर्वांना आधीच ठाऊक होता त्या निकालाने जल्लोष होईल, निराशा होईल, खळबळ होणार नाही. शब्द वापरण्याआधी स्थिरता, अचानकपणा आणि अनेकांचे हलणे या तिन्ही बाबी जागेवर आहेत का, हे पाहावे. एकही कमी असेल तर शब्द तेथेच सोडून द्यावा.

पहिली पायरी : आधी शब्दाविना संपूर्ण बातमी लिहावी

बातमी लिहिताना पहिल्या खर्ड्यात हा शब्द पूर्णपणे वर्ज्य करावा. काय घडले, कोठे, केव्हा, कोणाच्या लक्षात आले, पोलिसांनी किंवा संबंधित कार्यालयाने काय सांगितले, एवढे लिहून झाले की कॉपी एकदा वाचावी. बहुतेक वेळा असे लक्षात येते की खळबळीचे वाक्य ज्या जागी जाणार होते ती जागा खरे तर माहितीच्या अभावाची होती. वार्ताहराकडे चार ओळींपुरता मजकूर असतो, त्याला सिंगल कॉलमची उंची गाठायची असते, म्हणून शेवटी ‘खळबळ उडाली आहे’, ‘हळहळ व्यक्त होत आहे’, ‘तर्कवितर्कांना उधाण आले आहे’ आणि ‘पुढील तपास पोलीस करीत आहेत’ यांची रांग लागते. यातील शेवटचे वाक्य तरी खरे असण्याची शक्यता असते. आधीची तीन वाक्ये घटनास्थळी न जाताही लिहिता येतात, आणि जे वाक्य घटनास्थळी न जाता लिहिता येते ते बातमीत असू नये, हा निकष मी आजवर पाळत आलो आहे.

दुसरी पायरी : खळबळीची चौकशी करावी

शब्द वापरावासा वाटलाच, तर फोन उचलून चार गोष्टी विचाराव्यात. कोण हलले? कोठपर्यंत हलले? किती वेळ? आणि हे कोणी पाहिले?

एका कॉपीचे उदाहरण जवळून पाहू, कारण असे प्रसंग डेस्कवर रोज येतात. तालुक्याहून आलेली कॉपी अशी होती : ‘येथील एसटी स्थानकात बेवारस बॅग आढळून आल्याने परिसरात एकच खळबळ उडाली आहे. घटनेची माहिती मिळताच पोलिसांनी घटनास्थळी धाव घेतली. नागरिकांमध्ये भीतीचे वातावरण पसरले असून विविध तर्कवितर्कांना उधाण आले आहे. पुढील तपास पोलीस करीत आहेत.’ चार वाक्ये, आणि त्यात बॅग सोडल्यास एकही वस्तू डोळ्यांपुढे येत नाही. वार्ताहराला फोन केला. बॅग कोणाला दिसली? उपाहारगृहात काम करणाऱ्या मुलाला. केव्हा? दुपारी साडेचारच्या सुमारास. मग काय झाले? त्याने वाहतूक नियंत्रकांना सांगितले, त्यांनी ध्वनिक्षेपकावरून सूचना दिली आणि फलाट क्रमांक तीन रिकामा केला. बस थांबल्या का? दोन थांबल्या, साधारण वीस मिनिटे. बॅगेत काय निघाले? एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याची पुस्तके आणि जेवणाचा डबा. तो विद्यार्थी पुढच्या गावाहून उलट बसने परत आला आणि ओळखपत्र दाखवून बॅग घेऊन गेला.

ही सर्व माहिती वार्ताहराकडे होती. तो प्रत्यक्ष तेथे हजर होता, त्याने त्या मुलाशी बोलणेही केले होते. परंतु ‘खळबळ’ लिहिली की बातमी पूर्ण होते, अशी सवय लागल्यामुळे त्याने ती माहिती लिहिलीच नव्हती. छापलेली बातमी अशी झाली : ‘विद्यार्थी विसरून गेलेल्या बॅगेमुळे येथील एसटी स्थानकातील फलाट क्रमांक तीन मंगळवारी दुपारी वीस मिनिटे रिकामा ठेवण्यात आला. या काळात दोन बस थांबवून ठेवाव्या लागल्या. बॅगेत पुस्तके व जेवणाचा डबा असल्याचे पोलिसांच्या तपासणीत स्पष्ट झाल्यानंतर वाहतूक सुरळीत झाली.’ शब्द गेला, आणि स्थानकात उडालेली धांदल मात्र वाचकाला दिसू लागली. खळबळ हा शब्द पुष्कळदा खऱ्या खळबळीलाच झाकून टाकतो, हा त्याचा सर्वांत मोठा दोष आहे.

तिसरी पायरी : दुसरा नेमका शब्द शोधावा

या पायरीवर सर्वांत अधिक वेळ द्यावा, कारण मराठीत या अर्थाच्या आसपासची शब्दसंपत्ती फार मोठी आहे आणि आपण ती एका शब्दात कोंबून ठेवली आहे. माणसे भ्यायली असतील तर ‘घबराट’ लिहावे. भीती दीर्घकाळ मुरलेली असेल, म्हणजे बिबट्याच्या वावरामुळे शेतकरी रात्रीचे पाणी द्यायला एकटे जाईनासे झाले असतील, तर ती ‘धास्ती’ आहे. प्रत्यक्ष पळणे झाले असेल तर ‘पळापळ’. काम करणाऱ्यांची लगबग असेल, म्हणजे अधिकारी, डॉक्टर, अग्निशमन दलाचे जवान इकडून तिकडे जात असतील, तर ‘धावपळ’. तयारी नसताना संकट गाठले, वळवाचा पाऊस आला आणि बाजार समितीत उघड्यावर पडलेला कांदा झाकता झाकता व्यापाऱ्यांची पुरेवाट झाली, तर ‘तारांबळ’. एखाद्या तरुण मुलाचा अपघाती मृत्यू झाला आणि गावाला वाईट वाटले, तर तेथे ‘हळहळ’ हाच शब्द आहे, आणि त्याच्याशेजारी खळबळ ठेवणे हे दुःखाच्या घरी जाऊन मोठ्याने बोलण्यासारखे आहे.

राजकीय बातम्यांत हा फरक आणखी महत्त्वाचा ठरतो. पक्षातील काही आमदार इकडे राहावे की तिकडे जावे या विचारात असतील तर ती ‘चलबिचल’ असते. चलबिचल मनात असते, ती उघड दिसत नाही, म्हणून ती लिहिताना कोणाच्या सांगण्यावरून लिहीत आहोत हे अधिक काळजीने द्यावे लागते. सभागृहात कामकाज बंद पडेल एवढा आवाज झाला तर ‘गदारोळ’. कार्यकर्ते दबक्या आवाजात बोलत असतील तर ‘कुजबुज’. नेते जाहीरपणे नाराजी बोलून दाखवत असतील तर सरळ ‘नाराजी’. यांपैकी प्रत्येक शब्द वाचकाला वेगळे चित्र देतो, आणि ‘राजकीय वर्तुळात खळबळ’ हे शब्द मात्र कोणतेच चित्र देत नाहीत, कारण ते वर्तुळ कोठे आहे आणि त्यात कोण बसलेले आहेत हे लिहिणाऱ्यालाही बहुधा सांगता येत नाही.

काही घटना अशाही असतात की त्यांच्यापुढे हा शब्द फार लहान पडतो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणपती विसर्जनानंतर घरी येऊन झोपलेली गावेच्या गावे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. त्या घटनेने खळबळ उडाली असे लिहिणे म्हणजे मेलेल्यांचा अवमान आहे. तेथे हाहाकार हा शब्दही जपून वापरावा लागतो, आणि माझ्या मते तोही न वापरता कोणत्या गावात किती घरे उभी आहेत एवढेच लिहिणे अधिक परिणामकारक ठरते. शब्द घटनेपेक्षा मोठा झाला तर बातमी भडक होते हे आपण सर्व जाणतो. परंतु शब्द घटनेपेक्षा लहान झाला तरी बातमी तितकीच बिघडते, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही.

चौथी पायरी : शब्द ठेवायचा असेल तर क्रियापद आणि काळ सांभाळावा

चौकशी केली, इतर शब्द पडताळले आणि तरीही खळबळच नेमकी आहे असे ठरले, तर ती कशी लिहावी याचेही काही संकेत आहेत. खळबळ ‘उडते’ किंवा ‘माजते’. अचानक झालेल्या, थोड्या वेळाच्या हालचालीसाठी ‘उडाली’ योग्य आहे. दोन-चार दिवस चालू राहिलेल्या, व्यवहार विस्कळीत करणाऱ्या स्थितीसाठी ‘माजली’ अधिक शोभते. ‘खळबळ पसरली’ हे अलीकडे दिसणारे रूप माझ्या कानाला खटकते. भीती पसरते, अफवा पसरते, साथ पसरते. त्यांना पसरायला वेळ लागतो आणि खळबळीचा स्वभाव एकदम उसळण्याचा आहे.

‘खळबळ उडवून दिली’ हे रूप वापरताना विशेष सावध राहावे, कारण त्यात कर्ता येतो. ‘नगरसेवकांच्या आरोपामुळे सभेत खळबळ उडाली’ आणि ‘नगरसेवकांनी आरोप करून सभेत खळबळ उडवून दिली’ या दोन वाक्यांत घटना एकच आहे, पण दुसऱ्या वाक्यात नगरसेवकांचा हेतूच खळबळ करण्याचा होता असा सूर लागतो. हेतूची खात्री नसेल तर पहिले रूप घ्यावे.

काळाकडे तर जवळजवळ कोणीच पाहत नाही. ‘उडाली आहे’ याचा अर्थ वाचक वाचत असताना ती अजून चालू आहे असा होतो. छापील वृत्तपत्र वाचकाच्या हाती पडते दुसऱ्या दिवशी सकाळी, तोपर्यंत बॅग परत गेलेली असते, बिबट्या पिंजऱ्यात पोहोचलेला असतो. म्हणून छापील बातमीत ‘काही काळ खळबळ उडाली होती’ किंवा ‘सायंकाळी खळबळ उडाली’ असे वेळेसह लिहावे. ‘एकच खळबळ’ यातील ‘एकच’ हा शब्द तीव्रता दाखवणारा आहे, त्यामुळे त्याच्या पुढे-मागे ‘मोठी’ किंवा ‘प्रचंड’ जोडू नये. आणि ‘परिसरात’ या शब्दाऐवजी गल्ली, पेठ, वाडी, कार्यालयाचा मजला, जे असेल ते लिहावे. ‘परिसर’ हा शब्द लिहिणाऱ्याला पुराव्यातून सुटका देतो, म्हणून तो इतका लोकप्रिय आहे.

पाचवी पायरी : ‘खळबळजनक’ हे विशेषण जवळजवळ नेहमीच कापावे

नामापेक्षा विशेषण अधिक घातक असते, हे मी अनुभवातून शिकलो. अनेक वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या सभासदाने तेथील एका कर्मचाऱ्यावर अपहाराचा आरोप केला. आरोप लेखी होता, पत्रकार परिषदेत झाला होता, त्यामुळे बातमी देणे योग्यच होते. मथळा मी केला होता आणि त्यात ‘खळबळजनक आरोप’ असे शब्द घातले होते. चार कॉलमी बातमी झाली. पुढे चौकशीत त्या कर्मचाऱ्याचा काही दोष आढळला नाही, आणि ती बातमी आम्ही सिंगल कॉलममध्ये, आतल्या पानावर दिली. काही दिवसांनी ते गृहस्थ कार्यालयात आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले जुने कात्रण त्यांनी टेबलावर उलगडले. मथळ्यातील एका शब्दाखाली लाल शाईने रेघ मारलेली होती. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. ते म्हणाले, “आरोप त्यांनी केला, ते मला मान्य आहे. पण खळबळ कोणी केली, साहेब?”

त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आरोप सभासदाचा होता, पण त्याला ‘खळबळजनक’ ठरवण्याचा निर्णय माझा होता, आणि आरोप छापण्याआधी, म्हणजे तो लोकांपर्यंत पोहोचण्याआधीच, मी लोकांची प्रतिक्रिया ठरवून टाकली होती. तेव्हापासून मी एक नियम पाळतो : आरोपाच्या बातमीत आरोप करणाऱ्याचे नाव, आरोपाचा नेमका तपशील, ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे आणि चौकशीची सद्यःस्थिती या चार गोष्टी येतात, आरोपाचे वजन सांगणारे विशेषण येत नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याशी संपर्क झाला नसेल तर किती वाजता आणि कोणत्या मार्गाने प्रयत्न केला हे लिहावे. आरोप खरोखरच मोठा असेल तर त्यातील रक्कम, कालावधी आणि कागदपत्रे तो मोठेपणा स्वतःच दाखवतात.

येथे बातमी आणि अग्रलेख यांतील सीमारेषा लक्षात ठेवणे उपयोगाचे आहे. लोकमान्य टिळकांनी ६ जुलै १८९७ रोजी केसरीत ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असा अग्रलेख लिहिला आणि १२ मे १९०८ रोजी मुझफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर ‘देशाचे दुर्दैव’ या मथळ्याचा अग्रलेख लिहिला. ‘दुर्दैव’ हा भावनेने भरलेला शब्द आहे, पण तो संपादकाचा स्वतःचा निवाडा म्हणून, त्याच्याच जबाबदारीवर आलेला आहे. १९०८च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांनी स्वतःचा बचाव करताना सरकारी भाषांतरात मराठी शब्दांच्या छटा कशा बदलल्या आहेत हे तपशिलाने मांडले, आणि त्या लेखनासाठी सहा वर्षांची शिक्षा मंडालेच्या तुरुंगात भोगली. अग्रलेखातील शब्दामागे लिहिणारा असा स्वतः उभा असतो. बातमीतील ‘खळबळ’ मात्र नाव नसलेल्या नागरिकांच्या खांद्यावर ठेवलेली असते, आणि कोणी जाब विचारला तर उत्तर द्यायला तेथे कोणीच नसते. आपल्याला धक्का बसला असेल, संताप आला असेल, तर तो जरूर लिहावा, पण स्तंभात, अग्रलेखात किंवा विश्लेषणात, आपल्या नावानिशी लिहावा.

जेथे हा शब्द अजिबात येऊ नये

आत्महत्येची बातमी हे पहिले ठिकाण. प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाने २०१९मध्ये आत्महत्येच्या वार्तांकनासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाला अनुसरून सूचना दिल्या आहेत. बातमी ठळकपणे आणि वारंवार देऊ नये, सनसनाटी भाषा वापरू नये, पद्धतीचे वर्णन करू नये, हा त्यांचा गाभा आहे. ‘आत्महत्येने शहरात खळबळ’ हा मथळा यातील भाषेची सूचना थेट मोडतो, आणि मृत्यूला लोकांचे लक्ष वेधणारी कृती ठरवतो, ज्याचा परिणाम त्याच मनःस्थितीत असलेल्या दुसऱ्या वाचकावर होऊ शकतो.

लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२नुसार आणि बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याच्या कलम २३नुसार. ‘अमुक वाडीत खळबळ’ असे लिहिताना आपण लहानशा वस्तीचे नाव देऊन बसतो आणि ओळख उघड होण्याचा अर्धा मार्ग मोकळा करून देतो. चौथ्या पायरीत मी नेमके ठिकाण लिहावे असे म्हटले, त्याला हा स्पष्ट अपवाद आहे.

अफवा हे सर्वांत धोक्याचे ठिकाण. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच जणांना ठार मारले. मारले गेलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेसाठी फिरणारे लोक होते. त्या दिवसांत मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांनी लोकांची मने आधीच पेटलेली होती. अशा काळात ‘मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या चर्चेने गावात खळबळ’ अशी दोन ओळींची बातमी दिली, तर तांत्रिकदृष्ट्या आपण केवळ चर्चेचीच बातमी दिलेली असते, पण वाचणाऱ्याच्या दृष्टीने वृत्तपत्राने टोळीवर शिक्का मारलेला असतो. अफवेची बातमी करताना पहिल्याच वाक्यात ती खोटी आहे आणि ते कोणी तपासून सांगितले हे आले पाहिजे. लोक किती घाबरले आहेत हे नंतर, आणि तेही ‘खळबळ’ या शब्दावाचून लिहावे.

खरोखर खळबळ असेल तेव्हा

वृत्तपत्रात काम करणारा कोणीही २३ नोव्हेंबर २०१९ची सकाळ विसरणार नाही. आदल्या रात्री आम्ही सर्वांनी जी पाने सोडली होती, त्यांत उद्धव ठाकरे यांच्या नेतृत्वाखालील सरकारवर एकमत झाल्याची बातमी होती. पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्रिपदाची आणि अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. वाचकाच्या एका हातात आमचे वृत्तपत्र होते आणि समोर दूरचित्रवाणीवर शपथविधी चालू होता. स्थिर वाटणारे काही, त्यावर अचानक आघात आणि राज्यभर एकाच वेळी झालेली हालचाल, ही तिन्ही लक्षणे त्या सकाळी पूर्ण होती.

अशा वेळी शब्द वापरायला हरकत नाही, पण त्याला तपशिलाचा पाया द्यावा. ५ वाजून ४७ मिनिटे ही वेळच त्या बातमीतील सर्वांत बोलका शब्द होती. कोणत्या पक्षाच्या कार्यालयात कोण किती वाजता पोहोचले, कोणाचा फोन लागत नव्हता, कोणत्या हॉटेलात आमदार हलवले गेले, हे लिहीत गेलो की खळबळ हा शब्द एकदाच, फार तर इंट्रोनंतरच्या, म्हणजे बातमीच्या सुरुवातीच्या परिच्छेदानंतरच्या, परिच्छेदात, विधानाच्या स्वरूपात येऊ शकतो, आणि तेथे तो खरा वाटतो. एका बातमीत एकदा, एका पानावर एकदा, ही मर्यादा मी नव्या सहकाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगतो. मथळ्यात तो घेऊ नये, कारण मथळ्याला घटनाच सांगायला जागा अपुरी असते. बातमीच्या शेवटी तर मुळीच घेऊ नये.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण २१ सप्टेंबर १९९५चे आहे. गणपतीची मूर्ती दूध पिते या वार्तेने त्या दिवशी देशभर देवळांपुढे रांगा लागल्या. खळबळ खरी होती, तिचे कारण मात्र खरे नव्हते. मूर्तीच्या कडेला चमचा टेकवला की द्रवाच्या पृष्ठताणामुळे दूध ओढले जाऊन खाली ओघळते. अशा घटनेत रांगांचे वर्णन आणि हे स्पष्टीकरण एकाच बातमीत, शक्यतो एकाच दृष्टिक्षेपात येईल असे द्यावे. स्पष्टीकरण दुसऱ्या दिवसावर ढकलले तर पहिल्या दिवशीची खळबळ आपणच वाढवलेली असते.

पोर्टल आणि मोबाइलवरील सूचना

मोबाइलच्या पडद्यावर बातमीची एकच ओळ दिसते, त्यामुळे तेथे हा शब्द लावण्याचा मोह सर्वाधिक होतो : ‘शहरात खळबळ, शाळेजवळ सापडले असे काही…’ या ओळीत घटना जाणूनबुजून लपवलेली आहे. ज्या आईचे मूल त्या वेळी शाळेत असते ती आई ही ओळ वाचते, आणि पुढची बातमी उघडेपर्यंतचे दहा सेकंद तिच्यावर काय गुदरते याचा विचार मथळा करणाऱ्याने केला पाहिजे. शाळेजवळ धामण सापडली असेल, सर्पमित्राने ती पकडून दूर सोडली असेल आणि मुले सुरक्षित असतील, तर ओळ अशी असावी : ‘शाळेच्या कुंपणाजवळ सापडलेली बिनविषारी धामण सर्पमित्राने पकडली, विद्यार्थी सुरक्षित.’

आधी गेलेल्या ओळीत खळबळ हा शब्द गेला असेल आणि नंतर घटना किरकोळ निघाली, तर फक्त आतली बातमी बदलून थांबू नये. मथळा बदलावा, दुव्यातील शब्दही बदलता येत असतील तर बदलावेत, बातमीच्या सुरुवातीला केव्हा आणि काय दुरुस्त केले ते लिहावे, आणि ज्यांना पहिली सूचना गेली होती त्या सर्वांना दुरुस्तीची सूचना त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात पाठवावी.